वेळेचें दान

विद्यादानासारखें दुसरें दान नाहीं, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु गरिबाच्या मुलास विद्या द्यावयाची म्हणजे नेमकें काय द्यावयाचें, याचा विचार आपण क्वचितच करतों. फी, पुस्तकें व गणवेश दिले, कीं आपलें कर्तव्य संपलें, अशी सर्वसाधारण समजूत असते. आम्हांस वाटतें, कीं या यादींतून एक मोलाची वस्तु राहून जाते. ती म्हणजे वेळ.

आम्ही ठाण्यास मानपाड्यांत राहतों. घोडबंदर रस्त्याच्या या भागांत येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशीं आतां उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्याच सावलींत चाळी व झोपड्याही आहेत. सकाळीं इमारतींतील मुलें शाळेच्या बसची वाट पाहत उभीं असतात, तेव्हां त्यांच्याच वयाची एखादी मुलगी पाण्याचा हंडा भरीत असते, किंवा धाकट्या भावास कडेवर घेऊन कामावर गेलेल्या आईची वाट पाहत असते. तिला फी पडत नाहीं. पुस्तकेंही मिळालेलीं असतात. मिळत नाहीं तो तिचा स्वतःचा असा एक तास.

शिक्षणहक्काचा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, आणि सहा ते चौदा वर्षें वयाच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. ही गोष्ट लहान नव्हे. तथापि कायदा शाळेचें दार उघडूं शकतो; डोक्यावरचा हंडा उतरवूं शकत नाहीं. शिवाय चौदावें वर्ष उलटलें, कीं त्याची मर्यादा येते, आणि नेमकें त्याच सुमारास मूल कमावतें झालें पाहिजे असें घरास वाटूं लागतें.

ही अडचण ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं फार पूर्वीं ओळखली होती. ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई त्यांस येऊन मिळाल्या, आणि १९५७ सालीं तें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. हीं गांवें आज पालघर जिल्ह्यांत असलीं, तरी तेव्हां आपल्या ठाणें जिल्ह्यांतच होतीं. आदिवासी मुलें गुरें राखावयास जात. शाळेंत येत कशीं? या दोघींनीं मुलांस दोष दिला नाहीं. जेथें गुरें चरत तेथेंच शाळा नेली, आणि तिला कुरणशाळा हें नांव पडलें. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणीं आणल्यामुळें धाकट्या भावंडांस घेऊन येणाऱ्या मुलींसही शिकतां आलें.

तीच दृष्टि २०१६ सालीं ठाण्यांत पुन्हां दिसली. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखालीं महानगरपालिका व समर्थ भारत व्यासपीठ यांनीं सिग्नल शाळा सुरू केली. गाड्या थांबल्या, कीं फुलें व खेळणीं विकावयास धांवणारीं मुलें शाळेकडे येईनात, म्हणून शाळाच त्यांच्याकडे आली. तेथें आधीं स्नान व खाणें, मग पाटी-पुस्तक. २०१८ सालीं या शाळेचे दोन विद्यार्थी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाले.

अशा संस्था उभारणें सर्वांच्या हातचें नाहीं, हें खरें. परंतु आमच्या शेजारच्या एक आजीबाई रोज सायंकाळीं सात ते नऊ आपली पुढची खोली चाळींतील मुलांस मोकळी ठेवतात. त्या शिकवीत नाहींत. बीजगणित त्यांस येत नाहीं. दिवा लावतात, टी. व्ही. बंद ठेवतात व स्वस्थ बसून राहतात. तेथें येणाऱ्या दहावीच्या एका मुलीस आम्ही विचारलें, "येथें काय अधिक आहे?" ती म्हणाली, "आजींकडे मध्येंच कोणी हाक मारीत नाहीं."

विद्यार्थिमित्रहो, आपलीं जुनीं पुस्तकें द्यावयाचीं तर जून उजाडण्यापूर्वीं द्या, आणि जमल्यास तासभर त्या मुलांजवळ बसा. पालकांसही आमची एक विनंती आहे. घरकाम करणाऱ्या बाई आजारी पडल्या, कीं पुष्कळदां त्यांची मुलगी बदलीवर येते. तिला शाळेच्या वेळीं बोलावूं नये; परीक्षेच्या महिन्यांत तर मुळींच नाहीं. चार दिवस आपलीं भांडीं आपण घासलीं, तर तिचे चार दिवस वर्गांत जातील.