सुट्टीचे जपानी गाणे

आठवडाभर पोरांना कवितेचा अर्थ सांगून थकलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने रविवारी काय ऐकावे? ज्याचा अर्थ सांगावा लागणार नाही, असे काहीतरी! म्हणून मी जपानी गाणी लावतो. बाभुळगावात अशी हौस असणारा दुसरा कोणी असेल, तर त्याने खुशाल चहाला यावे.

माझे लाडके गाणे क्यू साकामोटोचे, १९६१ सालचे. १९६३ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, तेही 'सुकियाकी' या नावाने. सुकियाकी म्हणजे मांस-भाज्यांचा एक पदार्थ. गाण्याशी काडीचा संबंध नाही! (भूपाळीला पिठल्याचे नाव द्यावे, तसे.) रमतगमत जाणारी चाल, मध्येच शीळ. कोणी मजेत फिरायला निघाला आहे, अशी माझी समजूत.

गेल्या रविवारी आई शेजारी वाती वळत बसली होती. बाबा गेल्यानंतरची पहिली दिवाळी तोंडावर आलेली. एकदम म्हणाली, "शीळ वाजवते म्हनून का झालं? रडू दाबून राह्यला थो."

मी चाट पडलो. मग अर्थ शोधला. अश्रू ओघळू नयेत म्हणून वर पाहत चालणाऱ्या माणसाचे ते गाणे निघाले.

"पुन्हा लाव," आई म्हणाली. तिची नजर वातीवरच होती. मी मात्र आढ्याकडे पाहत राहिलो.