कोण कुणाचं, हेच उमगेना

परदेशी चित्रपट नेटाने पाहायला मी अलीकडेच सुरुवात केली. भाषा परकी, शहर परकं. निदान गोष्ट तरी ओळखीची असावी म्हणून ‘ब्लड टाइज’ (२०१३) लावला. एक भाऊ पोलीस, दुसरा गुन्हेगार. ‘गंगा जमुना’ आणि ‘दीवार’ पाहत मोठ्या झालेल्या मला याहून जवळची गोष्ट कुठली मिळणार होती? तरी अर्ध्या तासात मी चाचपडायला लागले.

काळ १९७४, शहर न्यूयॉर्क. थोरला ख्रिस खुनाची शिक्षा भोगून सुटतो, धाकटा फ्रँक पोलिसात आहे. इथवर ठीक. मग आजारी वडील, बहीण, ख्रिसची जुनी बायको मोनिका आणि मुलं, त्याची नवी मैत्रीण नॅटली, फ्रँकची पूर्वीची व्हनेसा आणि फ्रँकनेच तुरुंगात धाडलेला तिचा माणूस स्कार्फो, अशी माणसांची रीघ लागते. मी चित्रपट थांबवून कागदावर नावं लिहिली, बाण काढले. नाती कळली, पण ती माणसं एकमेकांना इतकी का लागतात, ते कळेना.

शिवाय कलाकार एकाहून एक. क्लाइव्ह ओवेन, बिली क्रुडप, मारियाँ कोतियार, मिला कुनिस, आणि वडिलांच्या भूमिकेत ‘गॉडफादर’मधला जेम्स कान! एवढी माणसं जमवून पडदा थंड कसा राहतो, हा प्रश्न मला शेवटपर्यंत छळत राहिला.

एका प्रसंगाने मला थोडी वाट दाखवली. दरोड्याच्या वेळी फ्रँक भावाला ओळखतो आणि हातात पिस्तूल असूनही त्याला निसटू देतो. सगळी गोष्ट या क्षणावर उभी आहे. माझ्या छातीत धडधडायला हवं होतं, पण मी नुसती पाहत राहिले. ‘दीवार’मध्ये विजय आणि रवी पुलाखाली समोरासमोर येतात, तेव्हा त्यांचं फुटपाथवरचं बालपण, विजयच्या हातावर गोंदलेला कलंक, मजुरी करून दोघांना वाढवणारी आई हे सगळं आपण आधीच पाहिलेलं असतं. सलीम-जावेदनी भावांना आधी एकत्र वाढवलं, मग वेगळं केलं. इथे दोघं आधीच दुरावलेले भेटतात. जुनी माया आणि जुना डंख दोन्ही संवादांतून सांगितले जातात, आणि मला ते ऐकून पटत नाहीत. दोघं एका खोलीत जरा निवांत बसले की कॅमेरा तिसऱ्याच्याच घरी जातो. भर म्हणून त्या काळातली गाणी सतत वाजत राहतात.

दिग्दर्शक गिओम कॅने फ्रेंच. त्यांच्यासोबत पटकथा लिहिणारे जेम्स ग्रे मात्र न्यूयॉर्कचेच. कायद्याच्या दोन बाजूंना उभे असलेले भाऊ त्यांनी ‘वी ओन द नाइट’मध्येही (२००७) आणले होते. कान महोत्सवातली प्रत बरीच लांब होती, नंतर अमेरिकेसाठी ती कापून दोन तासांच्या आसपास आणली गेली. माझ्या कागदावरचे काही बाण त्यात तुटले असतील का?

शेवट मात्र मला खरंच भिडला. ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या गर्दीत ख्रिस स्वतःच्या सुटकेवर पाणी सोडून भावाला वाचवतो. तिथे फारसं बोलणं नाही, आणि पहिल्यांदाच ते दोघं मला सख्खे वाटले. असं अर्धा तास आधी वाटतं तर!

मुळात हा ‘ले लिआं द्यु सां’ (२००८) या फ्रेंच चित्रपटाचा नवा अवतार. तो बेतला आहे ब्रुनो आणि मिशेल पापे या खऱ्या भावांच्या आठवणींवर, आणि त्यात पोलीस भाऊ झाले होते स्वतः कॅने. त्या भावाच्या मनात ते इतके राहून आले होते, की आम्हालाही ते मन ठाऊकच आहे असं त्यांनी धरलं असावं, असा माझा तर्क आहे. आता तो जुना चित्रपट मिळवायचा आहे.