जळत्या विमानातला सलाम

'दुसऱ्या महायुद्धावर टीप लिहा' असा प्रश्न आला की मी तारखा आणि आकडे भराभर लिहून मोकळा होतो. ब्रिटनच्या बॉम्बर दलातले ५५ हजारांहून अधिक लोक त्या युद्धात मारले गेले, हा आकडाही असाच पाठ केला होता. यंदा ग्रंथालयात त्या आकड्यातला एक माणूस भेटला आणि पाठांतर थांबले.

त्याचे नाव अँड्र्यू मिनार्स्की. कॅनडातल्या विनिपेगचा, आईबाप पोलंडहून आलेले. सोळाव्या वर्षी वडील वारले, तेव्हा आईला आणि भावंडांना हातभार म्हणून तो कातडी कापायच्या कामावर लागला.

इथे मी पुस्तक मिटले. आमचे वडील गेले तेव्हा दादाही सोळाच वर्षांचा होता. त्याने दप्तर खुंटीला लावले आणि बाजार समितीत पोती उचलायला लागला. धाकटा म्हणून मी शाळेत राहिलो.

थोड्या वेळाने पुढे वाचले. १९४४ च्या जूनमध्ये, १२ तारखेच्या रात्री, सात जणांचे लँकेस्टर विमान इंग्लंडहून फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर निघाले. मध्यरात्रीनंतर जर्मन विमानाने त्याला पेटवले. कप्तानाने उड्या मारण्याचा हुकूम दिला. मिनार्स्की दारापाशी पोचला होता. एक पाऊल टाकले की सुटका! पण शेपटीकडच्या बंदिस्त घुमटात त्याचा मित्र पॅट ब्रोफी अडकला होता. मिनार्स्की आगीतून रांगत मागे गेला. कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी त्याने घुमट हलवून पाहिला. घुमट हलेना. ब्रोफीनेच त्याला 'जा' म्हणून खुणावले. अंगावरचे कपडे जळत असताना तो दारापर्यंत मागे सरकला, मित्राकडे पाहून त्याने सलाम केला आणि उडी घेतली. खाली फ्रेंच लोकांना तो सापडला, पण भाजल्यामुळे वाचला नाही.

नवल असे, की विमान कोसळले आणि ब्रोफी बाहेर फेकला जाऊन जगला! आगीतला तो प्रसंग पाहणारा तो एकटाच. त्याने तो सांगितला, म्हणून १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो गप्प राहिला असता, तर मिनार्स्की त्या आकड्यातच राहिला असता.

वाचक विचारतील, बॉम्ब टाकायला गेलेल्याचे गुणगान कशासाठी? हा प्रश्न मलाही पडला. त्या विमानांखाली निरपराध माणसेही मेली; ते विसरून चालणार नाही. मी युद्धाला नमस्कार करीत नाही. दारापासून मागे फिरलेल्या त्या पावलांना करतो.

सुटीत घरी गेलो तेव्हा दादाला ही गोष्ट सांगितली. तो भाकरी मोडत ऐकत होता. मी भीत भीत विचारले, "दादा, शाळा सोडताना तुला काय वाटलं होतं रे?"

"माझं काय काढतोस? तू तुझा अभ्यास कर," म्हणाला आणि ताटावरून उठला.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिला मी, असे गावात सगळे म्हणतात. पहिला मी का झालो, हे दादा कधीच सांगणार नाही. ते मला ठाऊक आहे, म्हणून इथे लिहिले.