घसरण्याची विद्या

आमच्या शहरास बर्फ ठाऊक आहे, तें उसाच्या रसांतलें आणि गोळेवाल्याच्या गाडीवरचें. तेव्हां छत्रपति संभाजीनगरच्या मुलांनीं बर्फावरील हॉकीचा विचार करावा, हें ऐकून पुष्कळांस हसूं येतें. चाकांचे बूट घालून पटांगणावर गिरक्या घेणाऱ्या मुलाकडे बोट दाखवून एका पालकानें मला विचारलें, "यास बर्फ कोठें मिळणार?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देणें मला अगत्याचें वाटतें.

हिंदुस्थानांत बर्फावरील क्रीडा नवी नाहीं. सिमल्यास १९२० सालीं त्यासाठीं क्रीडांगण झालें. लडाखांत हिवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांवर हॉकीचे सामने होतात. २०२५ सालीं भारतीय महिलांच्या संघानें आशिया चषकाच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तें तर अल ऐन या वाळवंटांतील शहरीं, यंत्रानें गोठविलेल्या बर्फावर! सारांश, बर्फ हा केवळ हवामानाचा प्रश्न उरलेला नाहीं. मुलाच्या पायांत विद्या आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न होय.

या विद्येचीं मुळाक्षरें चार. पहिलें गुडघ्यांचें. नवखा मनुष्य भयानें ताठ होतो, आणि ताठ होतो म्हणूनच पडतो. गुडघे वाकवावे, छाती किंचित् पुढें झुकवावी, नजर पायांवर न ठेवितां समोर ठेवावी. म्हणजे तोल सांवरतो.

दुसरें अक्षर रेट्याचें. चालतांना आपण पाऊल मागें रेटतों. पातें मात्र लांबीच्या दिशेनें रेटल्यास नुसतें निसटतें. म्हणून पाऊल थोडें बाहेर वळवून बाजूस रेटावें, आणि रेटा संपतांच तो पाय शरीराखालीं परत आणावा. नाहींतर पुढील रेटा तोकडा पडतो.

तिसरें अक्षर धारेचें. पात्याच्या तळाशीं लांबट पन्हळ असून तिच्या दोहों बाजूंस दोन धारा असतात. आंतल्या धारेवर कललें तर एका दिशेस वळण मिळतें, बाहेरच्या धारेवर कललें तर दुसऱ्या.

हीं तीन अक्षरें आमच्या पटांगणावर चाकांच्या साहाय्यानें बरींचशीं गिरवितां येतात. चौथें अक्षर मात्र थांबण्याचें. चाक जमिनीस धरून असतें. म्हणून मुलगा टाचेचा अडसर टेकवून किंवा मागचा पाय आडवा घासून थांबतो. बर्फावर दोन्ही पातीं एकदम आडवीं करून, गुडघे अधिक वाकवून, बर्फाचा भुगा उडवीत थांबावयाचें असतें. पातें आडवें घसरूं लागलें कीं चाकांच्या संवयीचें शरीर बिचकतें. यास्तव येथून बर्फावर जाणाऱ्या विद्यार्थ्यानें पहिले दिवस वेगास न देतां थांबण्यास द्यावे. काठी आणि चकती यांची घाई करूं नये. पाय आज्ञेंत आल्यावांचून हात मोकळे होत नाहींत.

ज्यास थांबतां येत नाहीं, त्याचा वेग त्यास स्वतःस आणि सोबत्यांसही घातक होतो. म्हणून त्या पालकास मीं इतकेंच सांगितलें: बर्फ केव्हां मिळेल तें मला सांगतां येत नाहीं, परंतु मिळेल त्या दिवशीं चारांपैकीं तीन अक्षरें आपल्या मुलास परकीं वाटणार नाहींत. चौथें त्यास बर्फच शिकवील.