उशिराची प्रतिष्ठा

लहानपणी कागलच्या उरुसात मी चोरून तमाशा पाहिला, तेव्हा आबांनी छडीने समाचार घेतला. त्या वेळी फडाला गर्दी मावत नसे. प्रतिष्ठा मात्र शून्य! पुढे आमच्याच गावच्या आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीवर २०१० साली चित्रपट आला. पहिलवानाचा नाच्या झालेला गुणा पाहून तेच आबा कोल्हापूरच्या थिएटरात डोळे पुसू लागले. आता तमाशा ‘लोककला’ झाला. मी तो वर्गात शिकवतो. गेल्या उरुसात फड आला. निम्मा तंबू रिकामा होता म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की मी घरी ‘नटरंग’वर टिपणे काढीत बसलो होतो. आबा असते, तर या खेपेस न गेल्याबद्दल छडी बसली असती.