करावे गावचा विध्यर्थ

प्रत्येक पिढीचा एकेक लाडका शब्द असतो. माझ्या लहानपणी तो मान 'पर्मनंट' या शब्दाकडे होता. मुलगा काय करतो यापेक्षा तो पर्मनंट झाला की नाही, याची चौकशी आधी होई. आणि 'झाला' असे उत्तर आले की मुलीचे वडील खुर्चीत जरा सैल होऊन बसत. मी प्राध्यापक होईतो त्या जागी 'पॅकेज' येऊन बसले. हल्ली मात्र लग्नाच्या मांडवात, लोकलच्या डब्यात, इतकेच काय पण आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा ज्याचा गजर चालतो, तो शब्द म्हणजे 'स्टार्टअप'.

नोकरी म्हणावी तर नोकरी नव्हे, दुकान म्हणावे तर पाटी नाही, कारखाना म्हणावा तर धुराडे नाही. चार तरुण, चार लॅपटॉप, एक पांढरा फळा आणि न संपणारा चहा एवढ्या भांडवलावर हा संसार थाटता येतो. या संसाराची परिभाषा मात्र मोठी गोड आहे. तोट्याला तिथे 'बर्न' म्हणतात. म्हणजे पैसे बुडाले नाहीत, फक्त फटाक्यांसारखे उडाले! घेतलेला धंदा चालेना म्हणून दुसरा धरला, की त्याला 'पिव्होट' म्हणतात. आणि शंभर कोटी डॉलर किमतीची झालेली कंपनी म्हणजे 'युनिकॉर्न'. एलीन ली या अमेरिकन गुंतवणूकदार बाईंनी २०१३ साली हे बारसे केले. युनिकॉर्न म्हणजे एकशिंगी घोडा. तो आजवर कोणी पाहिलेला नाही, हे लक्षात घेतले म्हणजे नाव किती समर्पक आहे ते पटते.

मराठीच्या मास्तराने या भानगडीत पडण्याचे कारण माझा भाचा, आणि दुसरे कारण करावे गाव.

सीवूड्स स्टेशनावरून पाम बीच रस्त्याकडे चालू लागले की हे गाव लागते. गावाचे नाव क्रियापदाचे असावे, आणि तेही विध्यर्थी, याची मला पहिल्यापासून मौज वाटते. विध्यर्थातून कर्तव्य सांगता येते, इच्छा सांगता येते आणि नुसती शक्यताही सांगता येते. करावे! काय करावे, ते गाव सांगत नाही. पूर्वी ते ठरलेले होते. खाडीत जाळे टाकावे, खाजणात भात लावावा. मग १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नव्या शहराचा नकाशा पसरला. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला पाच जणांचे प्राण गेले. पुढे साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. आज त्या नकाशावर आम्ही मध्यमवर्गीय लोक गॅलरीत कुंड्या ठेवून राहतो, आणि गावाची माणसे आमच्या दारावर मासळी विकायला येतात.

माझा भाचा ऐरोलीला एका कंपनीत चांगल्या पगारावर होता. २०२१ साली त्याने ती नोकरी सोडली. ते सालच तसे होते. त्या एका वर्षात भारतात चाळीसहून अधिक युनिकॉर्न जन्मले. बहिणीचा मला फोन आला, "दादा, तू त्याचा मामा, शिवाय प्राध्यापक. तूच त्याला समजाव."

मी समजावायला गेलो तर त्यानेच मला समजावले. "मामा, २००५च्या दिवाळीत फणींद्र सामा नावाच्या एका इंजिनिअरला बंगळूरहून हैदराबादला घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही. तू असतास तर काय केलं असतंस? एजंटला शिव्या घालून फराळ न खाता झोपला असतास. त्यानं मित्रांना घेऊन २००६ साली रेडबस काढली. बरं, ते लांबचे. पुण्याचे कैलास काटकर दहावी शिकलेले. कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकट्या भावानं, संजयनं, व्हायरस मारणारा प्रोग्राम लिहिला. त्याची झाली क्विक हील. २०१६ साली शेअर बाजारात गेली!"

हा युक्तिवाद मी बहिणीला पोचता केला आणि स्वतःची भर घातली, "अगं, लक्ष्मणराव किर्लोस्करही मास्तरच होते. भावाबरोबर १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे नोकरी सोडली. लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. तरी १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिलीच ना?"

बहीण शांतपणे म्हणाली, "किर्लोस्करांच्या आईला कोणी विचारलं होतं का, तेव्हा तिला झोप लागत होती का म्हणून?"

भाच्याने करावे गावठाणात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. गावातल्या कोळणींची मासळी फोनवरून आसपासच्या सोसायट्यांत पोचवायची, ही कल्पना. ॲपची मराठी तपासण्याचे काम माझ्याकडे आले. 'कार्ट'ला मी 'पाटी' हा शब्द सुचवला. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या मावशी तो पाहून हसल्या. "मास्तर, पाटी डोक्यावर असते. ही तर खिशात!"

खरी अडचण 'वाटा' या शब्दापाशी आली. ॲपला ग्रॅम हवे होते. मावशी कोळंबी वाट्यावर विकतात. वाटा म्हणजे किती? तर समोर कोण आहे, घरी किती माणसे आहेत, मागची उधारी किती आहे आणि ऊन किती चढले आहे, या सर्वांचा मेळ घालून जेवढा होतो तेवढा. हा हिशेब कोणत्याही संगणकात बसेना. कोणत्या घरी गुरुवार पाळतात हे मावशींना तोंडपाठ. ॲपने मात्र ऐन संकष्टीला शंभर घरांच्या फोनवर 'ताजे पापलेट' असा घंटानाद केला. त्यातून पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारी कायद्याने बंद. गुंतवणूकदाराला आलेख दर महिन्याला चढता हवा, आणि समुद्र तर दरवर्षी रजेवर जातो!

तरीही ऑर्डरी येऊ लागल्या होत्या. भाचा म्हणाला, दिवाळीनंतर दुप्पट होतील, बर्फाची पेटी पुरणार नाही. मावशींनी बचत गटातून कर्ज काढून मोठा फ्रीझर घेतला. घेण्यापूर्वी त्या माझ्याकडे येऊन उंबऱ्याशी टेकल्या होत्या. म्हणाल्या, "सासऱ्याची जमीन घेतली तवा पन सायेब असंच बोलले व्हते. नवीन शेर होनार, तुमचं भलं होनार. शेर झालं. झालं ना?" त्यात राग नव्हता. जुन्या अनुभवी गिऱ्हाइकाने नव्या दुकानदाराला विचारावे, तसे त्या विचारत होत्या.

२०२२च्या मध्यापासून पैशाचा ओघ आटला. मोठमोठ्यांची दमछाक झाली. बंगळूरच्या डन्झोला गूगल आणि रिलायन्स यांचे पैसे मिळाले होते; तिची सेवासुद्धा २०२५च्या आरंभी बंद पडली. मग दोन खोल्यांतल्या चौघांची काय कथा! २०२३ साली भाच्याने पांढरा फळा उतरवला आणि मावशींकडे सांगायला गेला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "मंग माजा हप्ता तुजा ॲप भरनार काय?"

या प्रश्नात स्टार्टअपचे सारे अर्थशास्त्र आहे, असे मला वाटते. 'धोका पत्करावा' असे आपण कौतुकाने म्हणतो. पण एकाच नावेत बसलेल्या दोघांचा धोका सारखा नसतो. भाच्याला तीन महिन्यांत पूर्वीपेक्षा मोठी नोकरी मिळाली. अर्जात 'संस्थापक' हा शब्द होता ना! बुडालेली कंपनीही सुशिक्षिताच्या अंगावर पदवीसारखी शोभते. मावशींच्या पदरात मात्र पदवी पडत नाही, हप्ता पडतो. गुंतवणूकदाराच्या वहीत दहांपैकी नऊ बुडणार हे आधीच धरलेले असते. त्या नवांत कोणाचा फ्रीझर आहे, याचा रकाना त्या वहीत नसतो.

भाच्याने त्या संध्याकाळी हिशेब केला आणि उरलेले सगळे हप्ते स्वतःच्या पगारातून भरायचे ठरवले. कोणी सांगितले नव्हते, कोणत्या करारात लिहिलेले नव्हते. बहिणीला हे कळले तेव्हा ती फोनवर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, आता मला झोप लागेल."

फ्रीझर चालू आहे. ॲप गेले, पण त्यातली तीनशे घरे मावशींच्या सुनेने व्हॉट्सॲपवर गोळा केली. सकाळी फोटो येतो, खाली दोन शब्द, 'जिताडा हाय.' पैसे यूपीआयने जातात. विक्री वाट्यावर होते, उधारी चालते, आणि संकष्टीला संदेश येत नाही. गावातल्या आणखी चार बायका त्यात आल्या आहेत. याला कोणी स्टार्टअप म्हणत नाही, म्हणून कोणी पैसेही गुंतवत नाही. आणि कदाचित म्हणूनच ते चालते. भाच्याच्या डोक्यात नवे काहीतरी शिजते आहे, असे बहीण सांगते. या खेपेला त्याने पहिला प्रश्न मावशींना विचारला म्हणे, "बुडालं तर तुमचं किती जाईल?"

विध्यर्थात इच्छाही असते आणि शक्यताही, हे मी वर सांगितलेच. पण व्याकरणाच्या पुस्तकांत त्याचा पहिला अर्थ कर्तव्य असा दिलेला असतो, आणि वर्गात मीही त्याच क्रमाने शिकवतो.