झेगारचा दुसरा आवाज

झेगार हे झर्मान्या नदीच्या खोऱ्यातलं गाव. आज ते क्रोएशियात येतं, दाल्मेशियाच्या किनाऱ्यामागच्या खडकाळ मुलखात. पिढ्यान्‌पिढ्या तिथे सर्ब लोकांची वस्ती होती. १९९५ च्या ऑगस्टमध्ये क्रोएशियन लष्कराने ‘ओलुया’ मोहीम काढली आणि दीड ते दोन लाख सर्बांनी तो सगळा प्रदेश सोडला. ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. त्यांवर म्हातारी माणसं, लेकरं आणि हाताला लागेल ते सामान. परतले ते थोडे, त्यातही वयस्कर जास्त. या गावाचं गाणं स्वेत्लाना स्पायिच या सर्बियन गायिकेने तिथल्या जाणत्या गायकांसोबत गावातच, उघड्यावर गायलं. इंग्लंडच्या अँड्र्यू क्रॉनशॉ यांनी ते ध्वनिमुद्रित केलं. २००८ साली निघालेल्या त्या सीडीचं नाव ‘झेगार झिवी’, म्हणजे ‘झेगार जिवंत आहे’.

लंडनला गेलेल्या मैत्रिणीने ती मला पाठवली तेव्हा मी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहत होते. नवी नोकरी, नवं शहर, ओळखीचं कुणी नाही. संध्याकाळी खोलीवर आले की ती लावायची. भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं, पण दोन माणसं एकमेकांच्या इतकी जवळ उभी राहून गाताहेत, हे मात्र ऐकू यायचं.

त्या जवळिकीतच या गाण्याचं सगळं मर्म आहे. सर्बियातल्या जुन्या गायकीला ‘ना ग्लास’ म्हणतात. एकजण ओळ उचलतो, दुसरा त्याच्या लगतचा स्वर धरतो आणि तिथून हलत नाही. समजा, एकाने सा लावलाय आणि दुसऱ्याने त्याच क्षणी कोमल रे. आपल्या मैफलीत हे कुणी खपवून घेणार नाही. तिथे तोच विसाव्याचा स्वरमेळ. एका आवाजाची कंपनं सेकंदाला ३०० आणि दुसऱ्याची ३२० असतील, तर दोहोंच्या घर्षणातून सेकंदाला २० ठोके उमटतात. ती थरथर एकट्याच्या गळ्यातून निघत नाही. दाल्मेशियाच्या अंतर्भागात यावर आणखी एक करामत असते: मुख्य गायक गळाही कंपवतो, आणि त्याचा श्वास पुरेल तेवढंच गाणं. तिथल्या क्रोएट आणि सर्ब, दोघांच्याही गळ्यात ही गायकी आहे. ‘ओयकान्ये’ या नावाने २०१० साली युनेस्कोने तिला तातडीने जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत घेतलं.

पुढे आईला माझ्याकडे आणलं. जात्यावर गात वाढलेली बाई. एका सकाळी ती सीडी चालू असताना, पालेभाजी निवडता निवडता तिने हात थांबवला आणि म्हणाली, “ह्या रानातल्या बाया गं. घरात असा आवाज काढता येत नाही.” गाणं कुठलं, कुणाचं, काही विचारलं नाही. आवाज कुठे फेकलाय ते तिला बरोबर कळलं होतं. तिच्या शेवटच्या आजारपणात ती स्वतःहून सांगायची, “त्या बाया लाव.”

स्वेत्लाना १९७१ ची, लोझ्नित्सा गावची. लोकगीतांचे थोर संग्राहक वुक काराजिच तिथून जवळच्याच त्रशिच गावचे. बेलग्रेडमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या ‘मोबा’ या गटात ती गायची. मोबा म्हणजे आपल्याकडची इर्जिक; गावाने मिळून, मजुरी न घेता शेजाऱ्याचं शेत कापून द्यायचं. ते साल आठवून बघा. युगोस्लाव्हियावर निर्बंध होते, आणि महागाई इतकी की ५०० अब्ज दिनारची नोट छापावी लागली. अशा वर्षी शहरातल्या तरुण मुली एकत्र येऊन म्हाताऱ्यांची गाणी गळ्यावर चढवत होत्या. मला याचं फार मोल वाटतं. ही विद्या कागदावरच्या स्वरलिपीतून येत नाही. जाणत्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागतं.

माझी मुलगी आता शास्त्रीय संगीत शिकते. एकदा ही गाणी ऐकून तिने विचारलं, “आई, यात सा कुठला?” मग आम्ही दोघींनी करूनच पाहिलं. ती सा धरून बसली, मी कोमल रे लावला. दोन क्षण ती थरथर लागली, कानाच्या पाळीपर्यंत जाणवली, आणि माझा स्वर घसरून तिच्या सा वर जाऊन बसला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लगतचा स्वर धरून ठेवायला दोघांना एकमेकांचा जन्मभराचा सराव लागतो, आणि तो सराव शेजारात होतो. म्हणूनच गाव पांगलं की ही गायकी सगळ्यात आधी जाते. ओळी लोकांच्या लक्षात राहतात, दुसरा आवाज मात्र कुठल्यातरी परक्या शहरात राहायला गेलेला असतो.

हे गाणं तुमच्या हाती लागलं, तर एक विनंती आहे. हेडफोन लावून एकट्याने ऐकू नका. खोलीत स्पीकरवर मोठ्याने लावा, आणि घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून घ्या.